ट्रेसर स्वतःचीच नोंद करत सुटतो तेव्हा

लक्षणं

ट्रेसर म्हणजे मशीनवर कोणता प्रोग्रॅम काय करतोय त्याची नोंद घेणारं साधन. कधीकधी तो स्वतःच्याच कामाची नोंद करत बसतो. खालची दोन लक्षणं जुळली तरी दुखणं बहुतेक हेच आहे.

- जेवणाची सुट्टी झालेली, शॉपमध्ये मशीन बंद, ईआरपीत कोणी लॉगिन नाही. तरी ट्रेसच्या ओळी धो धो येतात. ट्रेस थांबवला की सर्व्हर एकदम शांत.
- सगळ्यात जास्त नोंदी ज्यांच्या नावावर आहेत ते म्हणजे ट्रेसर स्वतः, एसएसएचडी (दुरून केलेलं लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम), टर्मिनल, नाहीतर लॉग पुढं पाठवणारा एजंट. ज्या प्रोग्रॅमसाठी ट्रेस लावला तो कुठंतरी तळाशी.
- ओळींचा क्रम एकसुरी: राइट, पोल, रीड, परत राइट.
- कंट्रोल-सी दाबूनही स्क्रीन पळतच राहते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या युनिटचा सर्व्हर खानापूरकडच्या एखाद्या गावातून मोबाइलच्या नेटवर बघत असाल तर हे हमखास दिसतं, कारण साठलेल्या ओळी त्या बारक्या लाइनीतून उतरेपर्यंत वेळ जातो.
- परफ (कामगिरी मोजणारा ट्रेसर) शेवटी ‘लॉस्ट चंक्स’ म्हणून आकडा देतो, टीसीपीडंप (नेटवर्कची पॅकेटं पकडणारा) ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’ दाखवतो, किंवा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या संदेशांत) ‘ऑडिट: बॅकलॉग लिमिट एक्सीडेड’ येतं.
- ऑडिटच्या लॉग फाइली काही मिनिटांत फिरतात आणि कालची नोंद शोधायला गेलं तर ती उरलेलीच नसते.

शेवटचं लक्षण सगळ्यात महागात पडतं. ऑडिटडीची (लिनक्समध्ये ऑडिटची नोंद लिहिणाऱ्या सेवेची) मूळ सेटिंग ८ एमबीच्या ५ फाइलींची, म्हणजे एकूण ४० एमबी. फाइल उघडल्याच्या एका घटनेत सिसकॉल, सीडब्ल्यूडी, पाथ, प्रोकटायटल अशा चार-पाच ओळी येतात; धरून चाला १ केबी. म्हणजे सगळ्या फाइलींत मिळून साधारण ४० हजार घटना मावतात. घोळात सेकंदाला २०० घटना येत असतील तर २०० सेकंदांत, सव्वातीन मिनिटांच्या आसपास, जुनं सगळं पुसलं जातं. राखणीला घातलेलं कुंपणच शेत खातं ते असं.

(कमांड आणि फाइलींची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंगच वापरा. ‘डॅश ओ’ म्हणजे उणेचं चिन्ह आणि लहान ओ. सूचना लिनक्सच्या आहेत. विंडोजचं वेगळं सांगितलंय.)

हे होतं कसं

ट्रेसरनं एक घटना पकडली की ती कुठंतरी लिहावी लागते. लिहिणं म्हणजे राइट सिसकॉल (सिसकॉल म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलला केलेली विनंती). तुम्ही राइटच ट्रेस करत असाल तर तीही घटना झाली, तीही लिहायची. हा झाला सरळ घोळ, आणि तो पकडायला सोपा. गोंधळ होतो तो आडवाटेच्या घोळात. ट्रेसरला वगळलं तरी त्याची ओळ एसएसएचडी उचलतो, एन्क्रिप्ट करतो, सॉकेटवर टाकतो. फाइलीत लिहिलं तर काही सेकंदांनी कर्नलचा केवर्कर ती डिस्कवर उतरवतो. लॉगमध्ये पडलं तर एजंट ती वाचून दुसऱ्या सर्व्हरला धाडतो. ट्रेसर गप्प झाला तरी त्याची ओझी वाहणारे बोलतच राहतात. म्हणून फिल्टर लिहायला बसण्याआधी निकाल कुठं सांडतोय ते बघायचं. निम्म्या केसेसमध्ये फिल्टरची गरजच पडत नाही.

तपासणी १: तोच ट्रेस तीनदा चालवा

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. सर्व्हरवर काम नसताना तोच ट्रेस १०-१० सेकंद तीनदा चालवा. पहिल्यांदा निकाल स्क्रीनवर. दुसऱ्यांदा डेव्ह-एसएचएम या फोल्डरमधल्या फाइलीत; हे फोल्डर रॅममध्ये असतं, डिस्कला हात लागत नाही. तिसऱ्यांदा ओळी छापूच नका, फक्त मोजणी घ्या. तिन्ही आकडे शेजारी लिहा.

स्क्रीनवरचा आकडा मोठा आणि फाइलीतला एकदम खाली आला तर दोष एसएसएच किंवा टर्मिनलचा. अशा वेळी निकाल कायम फाइलीत घ्या आणि ट्रेस संपल्यावर वाचा, काम झालं. फाइलीतलाही आकडा मोठा आणि मोजणीतला लहान असेल तर ट्रेसरचं स्वतःचं लिहिणं नडतंय. तिन्ही आकडे सारखे आले तर मशीनवर खरंच कुणीतरी काम करतंय, घोळ नाहीच. हा शेवटचा निष्कर्ष लोकांना पटत नाही, पण तो बऱ्याचदा खरा असतो: विसरून गेलेला क्रॉन जॉब, नाहीतर बॅकअप.

एसट्रेसला हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तो जोडलेल्या प्रोसेसकडेच बघतो. अपवाद एक: ज्या एसएसएचडीवरून तुम्ही आत आलात त्यालाच डॅश पी लावून जोडलं की तो अखंड चालू. डॅश ओ देऊन फाइलीत लिहा.

इनोटिफायवेटचंही तसंच. ज्या फोल्डरवर पाळत आहे त्याच फोल्डरात त्याची निकालाची फाइल ठेवू नका.

तपासणी २: कोण बोलतंय ते मोजा

बीपीएफट्रेसमध्ये (कर्नलच्या आत मोजणी करू शकणाऱ्या ट्रेसरमध्ये) रॉ-सिसकॉल्सच्या सिस-एंटर ट्रेसपॉइंटवर (कर्नलमधल्या नोंदीच्या ठरलेल्या जागेवर) ‘कॉम’, म्हणजे प्रोसेसचं नाव, ही किल्ली धरून काउंट करा आणि इंटरव्हल १० सेकंदांचा ठेवून एक्झिट करा. ही मोजणी कर्नलच्या आतच एका तक्त्यात होते, बाहेर येते ती शेवटची यादी. त्यामुळं मोजण्याच्या कृतीनं आकडा फुगत नाही. यादीतली पहिली पाच नावं कागदावर घ्या. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या पाच नावांवर चालतात. नावं न घेता फिल्टर लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

ऑडिटडीसाठी हेच काम ऑरिपोर्ट करतो: डॅश एक्स आणि समरी.

तपासणी ३: टीसीपीडंप असेल तर

एसएसएचवरून टीसीपीडंप चालवला की छापलेली प्रत्येक ओळ पॅकेट होऊन तुमच्याकडे येते आणि तीही पकडली जाते. सगळे सांगतात ‘नॉट पोर्ट २२’ लावा. चालतं, पण मग बाहेरून कोणी पासवर्ड आजमावत असेल तर तेही दिसायचं बंद होतं. त्यापेक्षा एसएसएच-क्लायंट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एको करून बघा. त्यात तीन गोष्टी मिळतात: तुमचा आयपी, तुमच्या बाजूचा पोर्ट, सर्व्हरचा पोर्ट. पहिल्या दोन घेऊन तेवढंच एक कनेक्शन वगळा.

व्हीपीएनवरून आत आलात आणि बाहेरच्या लॅनकार्डवर कॅप्चर करताय? मग पोर्ट २२ चा फिल्टर काही कामाचा नाही. तिथं तुमचं एसएसएच यूडीपीच्या वेष्टनात असतं. वायरगार्ड असेल तर सहसा पोर्ट ५१८२०. वगळायचं ते वेष्टन.

आणि डॅश एन विसरू नका. तो नसेल तर टीसीपीडंप प्रत्येक आयपीचं नाव विचारायला डीएनएसकडे जातो आणि ती विचारणाही स्वतःच पकडतो.

याच जातीचा एक घोळ फायरवॉलमध्ये होतो. आउटपुट साखळीत सगळ्याला लॉग नियम लावलेला, आणि आरसिसलॉग त्या नोंदी ५१४ पोर्टवरून दुसऱ्या मशीनला पाठवतोय. पाठवलेलं प्रत्येक पॅकेट नवी नोंद करतं. लॉगच्या नियमाच्या वर, लॉग सर्व्हरच्या आयपी आणि पोर्टसाठी एक अ‍ॅक्सेप्ट ओळ टाका. खाली टाकलीत तर उपयोग नाही, साखळी वरून खाली वाचली जाते.

तपासणी ४: साधनात आधीच असलेली सोय

परफ रेकॉर्डला ‘एक्सक्लूड-परफ’ असा पर्याय आहे. तो ट्रेसपॉइंटच्या डॅश ई नंतर लिहायचा, आधी लिहिला तर तक्रार करतो. परफ ट्रेस सगळ्या सिस्टीमवर चालवला तर तो स्वतःला वगळतोच, शिवाय आपल्या आई-बाप प्रोसेस वर वर तपासत जाऊन एसएसएचडी किंवा ग्नोम-टर्मिनल सापडला तर त्यालाही वगळतो. बाकीच्या साधनांत ही हुशारी गृहीत धरू नका. नावावर बेतलेल्या अशा सोयींना एक ग्रहण लागलंय: ओपनएसएसएच ९.८ पासून तुमचं सेशन सांभाळणाऱ्या प्रोसेसचं नाव एसएसएचडी-सेशन झालं. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘कॉम एसएसएचडी नसेल तर’ असं लिहिलेलं असेल तर ते आता निसटतं. सर्व्हर अपग्रेड केल्यावर घोळ परत सुरू झाला असेल तर आधी हे बघा.

एफट्रेसमध्ये (कर्नलमध्येच असलेल्या ट्रेसरमध्ये) कर्नल ५.७ पासून सेट-एफट्रेस-नोट्रेस-पीआयडी आणि सेट-इव्हेंट-नोट्रेस-पीआयडी अशा दोन फाइली आहेत. वगळायचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा आकडा, त्यांत लिहायचा; पहिली फंक्शनसाठी, दुसरी इव्हेंटसाठी. एकीत आकडा टाकून दुसरी विसरण्याची चूक सर्रास होते.

विंडोजवर प्रोसेस मॉनिटर पहिल्यापासून स्वतःला फिल्टरमधून वगळतो. तो स्वतःलाच दाखवत असेल तर कोणीतरी फिल्टर बदललाय. कंट्रोल-आर दाबून मूळ फिल्टर परत आणा. तरी नोंदी फुगत असतील तर अँटीव्हायरसच्या नावावर किती आहेत ते बघा. प्रोसेस मॉनिटर मोठी फाइल लिहितो, अँटीव्हायरस ती तपासतो, ते तपासणं परत नोंदलं जातं. ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’वर खूण केली की वगळलेलं साठवलंही जात नाही. मात्र तसं टाकून दिलेलं नंतर परत मिळणार नाही हे लक्षात ठेवून खूण करा.

तपासणी ५: फिल्टर लावलाय, तरी घोळ सुटत नाही

इथं जास्तीत जास्त वेळ वाया जातो. कारणं पुन्हा पुन्हा तीच निघतात.

आकडा थ्रेडचा की प्रोसेसचा? एफट्रेसमधला ‘कॉमन-पीआयडी’ हा प्रत्यक्षात थ्रेडचा आकडा आहे. बीपीएफट्रेसमधला ‘पीआयडी’ हा अख्ख्या प्रोसेसचा, थ्रेडसाठी तिथं ‘टीआयडी’ वेगळा. एजंटचे आठ थ्रेड असतील आणि कॉमन-पीआयडीनं एक वगळला तर सात बोलतच राहतात.

कंटेनर आहे का? कंटेनरच्या आत पीएस मारून मिळालेला आकडा आतल्या नावविश्वातला असतो. आत ७ दिसणारी प्रोसेस होस्टवर १८२४३ असू शकते, आणि कर्नलचा ट्रेस होस्टचा आकडा बघतो. होस्टवरूनच आकडा काढा.

नाव पूर्ण आहे का? ‘कॉम’मध्ये १५ बाइटच मावतात. लांब नावाचा एजंट असेल तर शेपूट तुटलेलं असतं आणि पूर्ण नावाशी केलेली तुलना कधीच जुळत नाही. शिवाय थ्रेड आपलं नाव वेगळं ठेवू शकतो.

या तिन्ही कटकटींवर एकच औषध बरं लागू पडतं: सीग्रुपनं, म्हणजे कर्नलनं एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटानं, वगळणं. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर एसएसएचनं लॉगिन केलं की त्या लॉगिनचा एक सेशन-स्कोप, म्हणजे वेगळा सीग्रुप, तयार होतो. तुमचं सेशन सांभाळणारा एसएसएचडी, तुमचा शेल आणि त्यातून सुरू केलेला ट्रेसर, तिघंही त्याच स्कोपमध्ये बसतात. सिस्टमडी-सीजीएलएस चालवून स्वतःचा स्कोप शोधा, त्याचा मार्ग बीपीएफट्रेसच्या ‘सीग्रुपआयडी’ला द्या आणि ‘सीग्रुप याच्या बरोबर नसेल तर’ अशी अट लावा. एका अटीत तिघं गेले. यासाठी सीग्रुप व्ही२ लागतं, आणि दोन पथ्यं आहेत. ज्या प्रोग्रॅमची तपासणी करायची तो त्याच लॉगिनमधून सुरू करू नका, नाहीतर तोही अदृश्य होईल. टीमक्स (एकाच लॉगिनमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याचा सर्व्हर ज्या जुन्या लॉगिनमधून सुरू झाला त्या स्कोपमध्ये असू शकतो; तो वेगळा बघा.

तपासणी ६: ऑडिटडी आणि लॉग पाठवणारा एजंट

ऑडिटडीला स्वतःच्या सिसकॉलची नोंद करण्यापासून कर्नलच अडवतो. त्यामुळं ऑडिटडीला वगळणारा नियम लिहिण्यात दम नाही. बोलतो तो एजंट.

ऑडिटचे नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की थांबतात. ‘नेव्हर, एक्झिट’चा नियम शेवटी जोडला तर त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. कमांडवरून देताना लहान ए नको, मोठा ए वापरा. तो यादीच्या डोक्यावर बसवतो. कायमचा करायचा तर रूल्स-डी फोल्डरात १० नं सुरू होणाऱ्या नावाची फाइल करा, कारण ऑगेनरूल्स फाइली नावाच्या क्रमानं जोडतो. मग ऑगेनरूल्स लोड, आणि ऑडिटसीटीएल डॅश एल मारून तुमचा नियम खरोखर वर आलाय का ते डोळ्यांनी बघा.

वगळताना ‘कॉम’ नको, ‘एक्सई’ म्हणजे प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्या. नाव कोणीही धारण करू शकतो. एजंटच्या नावावर सूट दिलीत तर चोरही तेच नाव लावून फिरेल आणि तुमच्याच नियमानं त्याची नोंद होणार नाही. यातही एक खड्डा आहे: एजंट पायथॉनची स्क्रिप्ट असेल तर त्याचा एक्सई म्हणजे पायथॉन३. तो वगळला की मशीनवरची सगळी पायथॉन वगळली. अशा एजंटला वेगळा यूजर द्या आणि त्या यूआयडीवर नियम लावा.

मग येतो नेहमीचा, फसवा प्रकार. ऑडिट लॉगचं फोल्डर कोण वाचतंय यावर नियम असतो, आणि त्यात ‘एयूआयडी (लॉगिन केलेल्या माणसाचा आकडा) १००० किंवा जास्त, आणि अनसेट नसलेला’ अशी अट असते, म्हणजे माणसांचीच नोंद व्हावी, सेवांची नाही. महिनोन्‌महिने ठीक चालतं. एक दिवस वीज जाते, यूपीएस दम तोडतो, सर्व्हर परत उठतो पण एजंट उठत नाही. कोणीतरी लॉगिन करून तो हातानं, शेलमधूनच सुरू करतो. झालं. सिस्टमडीनं सुरू केलेल्या सेवेला एयूआयडी नसतो, पण शेलमधून सुरू केलेली प्रोसेस त्या माणसाचा एयूआयडी घेऊन जन्माला येते. आता एजंट ‘माणूस’ झाला आणि त्याचं प्रत्येक वाचन नोंदलं जाऊ लागलं. अर्थात हा नियम फाइल उघडताना लागतो, प्रत्येक रीडला नाही. म्हणून दर फेरीला फाइल उघडून बंद करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा घोळ जास्त भडकतो. ओळखायला सोपं: प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसची ‘लॉगिनयूआयडी’ फाइल वाचा. ४२९४९६७२९५ असेल तर सेवा, १००० सारखा आकडा असेल तर माणूस. प्रोसेस मारा, सिस्टमसीटीएलनं सुरू करा. नियमाला हात लावायची गरज नाही.

बॅकलॉगची मर्यादा वाढवणं हा उपाय नाही. ८१९२ ची ३२७६८ केली तर संदेश उशिरा येतो एवढंच. ऑडिटसीटीएल डॅश एसमधला ‘लॉस्ट’ वाढतोय का थांबलाय हे बघा. खरा ताप तिथं कळतो.

आपल्या भागातल्या ऑफिसांत आणखी एक गोष्ट डोळ्यांत धूळ टाकते. फोल्डरांची नावं मराठीत, शेजारी कन्नडमध्ये, मधे एखादं इंग्रजीत. ऑडिट लॉग साध्या अक्षरांपलीकडचं नाव जसंच्या तसं लिहीत नाही, हेक्स आकड्यांत लिहितो. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे सहा हेक्स अंक, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. त्यामुळं ‘बिलं’ एवढ्या नावाचे २४ अंक होतात आणि वाटतं काहीतरी बिघडलंय. ई-शून्य-ए-चार किंवा ई-शून्य-ए-पाचनं सुरू होणारे तुकडे देवनागरीचे, ई-शून्य-बी-दोन किंवा ई-शून्य-बी-तीनचे कन्नडचे. ऑसर्चला डॅश आय दिलं की नाव वाचता येतं. कुठलं फोल्डर घोळ घालतंय ते ठरवण्याआधी हे करा, नाहीतर वजनकाट्याच्या पावत्यांचं फोल्डर ‘संशयास्पद फाइल’ म्हणून वगळलं जाईल.

तपासणी ७: डिस्कवरचा ट्रेस

ब्लॉक आयओ ट्रेस करताना पीआयडीचा फिल्टर लावून बसू नका. तुमची निकालाची फाइल आधी रॅममध्ये साठते आणि नंतर केवर्कर ती उतरवतो. ईएक्सटी४ असेल तर जर्नलसाठी जेबीडी२ ही येतो. नोंद त्यांच्या नावावर पडते. त्यांना वगळलं तर ईआरपीचा डेटाबेसही गायब होतो, कारण त्याचंही बरंचसं लिहिणं तेच करतात. निकाल डेव्ह-एसएचएममध्ये किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ट्रेस फक्त डेटाच्या डिस्कवर, तिच्या डिव्हाइसच्या आकड्यानं मर्यादित करा. डेव्ह-एसएचएम म्हणजे रॅम. ४ जीबीच्या मशीनवर १ जीबीचा ट्रेस साठवलात तर दुसरंच दुखणं उभं राहील.

इथं थांबा, माणूस बोलवा

ऑडिटसीटीएल डॅश एसमध्ये ‘एनेबल्ड २’ दिसलं तर नियम कुलूपबंद आहेत, रीबूटशिवाय बदलत नाहीत. ते कुलूप कोणीतरी हेतूनं लावलंय. ‘फेल्युअर २’ असेल तर अजूनच सावध: नोंद हरवली की कर्नल मुद्दाम पॅनिक होतो. गळीत हंगामात वजनकाट्याच्या सर्व्हरवर हे दिसलं तर प्रयोग नकोत, बाहेर ट्रॅक्टरांची रांग उभी असते.

पतसंस्था, बँक, दवाखाना अशा ठिकाणी वगळण्याचा एकही नियम ऑडिटरच्या लेखी होकाराशिवाय घालू नका. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे असतात आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या असतात. एजंटला दिलेली सूट कागदावर नसेल तर उद्या ती लपवाछपवी ठरते.

तपासणी २ च्या यादीत ओळखीचं नाव पण अनोळखी मार्ग दिसला, म्हणजे एजंटचं नाव आणि एक्सई मात्र टेंप फोल्डरातला, तर हा घोळ नाही, घुसखोरी असू शकते. ट्रेस बंद करा, काही पुसू नका, मशीन रीबूट करू नका, सुरक्षेचं काम करणाऱ्याला फोन लावा.

फंक्शन ट्रेसर लावल्यावर मशीन गोठत असेल तरी थांबा. ते फिल्टरनं सुटणारं नाही, कर्नल वाचणारा माणूस लागतो.

येणाऱ्याच्या हातात द्यायला एवढं काढून ठेवा: युनेम डॅश आर, ऑडिटसीटीएलचं डॅश एस आणि डॅश एल, तपासणी १ चे तीन आकडे, तपासणी २ ची यादी, आणि शेवटचा बदल कोणी, किती वाजता केला ते. डेव्ह-एसएचएममधली ट्रेस फाइल पेनड्राइव्हवर काढा. रीबूट झाला की ती जाते.